काउंटीतले धर्माचे आणि चर्च मेंबरशिपचे आकडे: कुठून काढायचे, कसे वाचायचे, कुठे चुकतं

अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, नाव सर्चमध्ये टाकलं की एक गोल चार्ट समोर येतो. कॅथलिक इतके टक्के, इव्हँजेलिकल इतके, मेनलाइन इतके (हे दोन प्रोटेस्टंटांचे मोठे गट, पहिला जास्त परंपरावादी, दुसरा जास्त उदारमतवादी), आणि मग एक भलामोठा तुकडा ज्यावर लिहिलेलं असतं 'नन', म्हणजे कुठलाच नाही. तो तुकडा बघून लोक म्हणतात, अरे इथे तर निम्मे लोक नास्तिक आहेत, आणि पुढे जातात. नवीन गावात घर बघणारे हेच करतात, दिवाळीच्या सुट्टीसाठी शाळा बोर्डाला पत्र लिहिणारी मंडळं हेच करतात, पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन निवडणुकीवर लेख लिहिणारेही हेच करतात. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या पत्रात असाच आकडा गेला, बोर्डाच्या मीटिंगमध्ये एका बाईंनी शांतपणे विचारलं की हा कुठल्या वर्षाचा आणि कोणी मोजलेला, आणि आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. पत्र तिथेच बाजूला पडलं. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हे सगळं तोंडी सांगत आलेय, आता एकदा क्रमाने लिहून काढते.

काहीही डाउनलोड करण्याआधी दोन गोष्टी मनात पक्क्या करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. एक, काउंटीचे हे आकडे लोकांनी दिलेले नसतात, चर्चने किंवा त्या पंथाच्या ऑफिसने दिलेले असतात. दोन, माणूस जिथे राहतो तिथे तो मोजला जात नाही, त्याच्या चर्चची इमारत ज्या काउंटीत आहे तिथे मोजला जातो.

तयारी: हाताशी काय ठेवायचं

एक कोरी एक्सेल शीट, आणि वेगळ्या पानावर चार ओळी: माझा प्रश्न काय, कुठली काउंटी, कुठलं वर्ष, आकडा कोणाचा. या चार ओळी भरल्याशिवाय एकही आकडा कॉपी करायचा नाही. कंटाळवाणं वाटेल, पण नंतर कोणी विचारलं की उत्तर त्याच पानावर असतं.

१. आधी प्रश्न ठरवा

लोक 'धर्माचे आकडे' म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात. लोक स्वतःला कोण म्हणवतात, हा पहिला. चर्चच्या किंवा मंदिराच्या वहीत किती नावं आहेत, हा दुसरा. दर आठवड्याला प्रत्यक्ष जातं किती जण, हा तिसरा. एकच माणूस पहिल्यात येईल, दुसऱ्यात येणार नाही, तिसऱ्यात वर्षातून दोनदा येईल.

आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत:

सरकारी सेन्ससमध्ये धर्म शोधत बसू नका, तिथे तो नाहीच. १९७६ च्या कायद्यानुसार सेन्सस ब्यूरोला धर्माचा प्रश्न सक्तीने विचारता येत नाही, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेत माणसाला त्याचा धर्म कधीच विचारलेला नाही. आपल्याकडे जनगणनेत धर्माचा रकाना असतो त्यामुळे आपल्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण तिथे तसं आहे.

वहीतल्या नावांसाठी आहे 'यू.एस. रिलिजन सेन्सस'. नावात सेन्सस असला तरी तो सरकारी नाही, धार्मिक संस्थांच्या आकडेतज्ज्ञांची संघटना तो करते. १९५२, १९७१, आणि मग १९८० पासून दर दहा वर्षांनी, शेवटचा २०२० चा. काउंटीच्या पातळीवर पंथवार आकडे देणारं मुख्य साधन हेच, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक गोल चार्टांच्या मागे याचंच कुठलं तरी वर्ष असतं, फक्त ते वर्ष चार्टवर लिहिलेलं नसतं.

लोक स्वतःला काय म्हणवतात त्यासाठी सर्व्हे. प्यू रिसर्चचा मोठा सर्व्हे २००७, २०१४ आणि २०२३-२४ मध्ये झाला, पण तो राज्यापर्यंतच उतरतो. पीआरआरआय नावाची संस्था काउंटीपर्यंतचे अंदाज देते, पण ते मॉडेल लावून काढलेले असतात, छोट्या काउंटीत प्रत्यक्ष विचारलेली माणसं फारच थोडी असतात.

थांबा: गॅलप या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचा २०२० चा आकडा आहे की ४७ टक्के अमेरिकन प्रौढ कुठल्या तरी चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) किंवा मशिदीचे मेंबर आहेत. रिलिजन सेन्ससचा २०२० चा आकडा आहे ४८.६ टक्के. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात म्हणून एकमेकांना दुजोरा देतात असं समजू नका. गॅलपने प्रौढांना फोनवर विचारलं, रिलिजन सेन्ससने संस्थांना विचारलं आणि त्यात लहान मुलंही आहेत. दोन वेगळ्या वस्तूंचं वजन सारखं भरलं, एवढंच.

२. काउंटी नक्की कुठली ते पक्कं करा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि सगळ्यात कमी लोक लक्ष देतात.

मिडलसेक्स काउंटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एडिसन येतं, म्हणजे न्यू जर्सी. पण मॅसॅच्युसेट्समध्येही मिडलसेक्स आहे, कनेक्टिकटमध्ये आहे, व्हर्जिनियात आहे. ऑरेंज नावाच्या तर कितीतरी. त्यामुळे नावावर विसंबू नका, पाच आकडी फिप्स कोड घ्या, म्हणजे प्रत्येक काउंटीचा ठरलेला सरकारी नंबर. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. न्यू जर्सीचं मिडलसेक्स ३४०२३, मॅसॅच्युसेट्सचं २५०१७.

आणि एक्सेलची खोड लक्षात ठेवा, सुरुवातीचं शून्य ते खाऊन टाकतं. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लाराचा कोड ०६०८५ आहे, फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली की तो ६०८५ होतो, मग लोकसंख्येच्या फाइलशी जोडायला गेलात की सँटा क्लारा सापडतच नाही आणि त्या ओळीसमोर रिकामं येतं. अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, आर्कन्सॉ, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कनेक्टिकट, या सातही राज्यांचे कोड शून्याने सुरू होतात. म्हणून फाइल इम्पोर्ट करतानाच तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा.

गाव आणि काउंटी एक नाही. नेपरव्हिल ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलंय, ऑरोरा तर चार काउंट्यांत. "आमच्या नेपरव्हिलचे आकडे" असे या फाइलमध्ये नाहीत.

लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, आणि कॅथलिक चर्चच्या स्थानिक शाखेलाही पॅरिशच म्हणतात. लुईझियानावर लिहिलेला मजकूर वाचताना पॅरिश म्हणजे यातलं कुठलं ते प्रत्येक वाक्यात बघा. व्हर्जिनियात ३८ शहरं स्वतंत्र आहेत, आजूबाजूच्या काउंटीत ती मोजली जात नाहीत.

तपासा: तुमच्या वर्षांच्या मधल्या काळात काउंटीची हद्द किंवा नाव बदललंय का? कोलोरॅडोतली ब्रूमफिल्ड काउंटी २००१ मध्ये चार काउंट्यांचे तुकडे काढून तयार झाली, त्यामुळे २००० च्या फाइलमध्ये ती नाहीच. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ पासून ओग्लाला लकोटा, आणि नावासोबत कोडही बदलला. कनेक्टिकटचं सगळ्यात त्रासदायक, २०२० च्या धर्माच्या फाइलमध्ये जुन्या ८ काउंट्या आहेत आणि २०२२ पासून सेन्सस ब्यूरो तिथे ९ प्लॅनिंग रीजन वापरतं, म्हणजे आजची लोकसंख्या घेऊन त्या काउंटीची टक्केवारी सरळ काढताच येत नाही.

३. फाइल उतरवा आणि मूळ प्रत तशीच ठेवा

रिलिजन सेन्ससच्या स्वतःच्या साइटवर २०२० ची एक्सेल फाइल मिळते. जुनी वर्षं एआरडीए या धर्मविषयक डेटाच्या संग्रहावर आहेत, तिथे काउंटीनुसार रिपोर्टही बघता येतो. चार्ट दाखवणाऱ्या तिसऱ्याच साइटवरून आकडा उचलू नका, तिथे वर्ष नसतं, तळटीप नसते आणि कधीकधी दोन वर्षं एकत्र केलेली असतात.

मूळ फाइलची एक कॉपी करून कॉपीवरच काम करा. प्रत्येक पंथासाठी साधारण दोन गोष्टी दिसतील, किती काँग्रिगेशन म्हणजे किती चर्च किंवा मंदिरं, आणि किती अनुयायी.

थांबा: रिकामा खण म्हणजे शून्य नाही. ही चूक मी अनुभवी लोकांकडूनही बघितलीय. चर्चची संख्या ३ लिहिली आहे आणि अनुयायांचा खण रिकामा आहे, याचा अर्थ त्या पंथाने माणसांचा आकडा दिलाच नाही. तिथे शून्य टाकून बेरीज केली की तीन भरलेली चर्चेस तुम्ही कागदावर रिकामी करून टाकली. रिकामे खण वेगळ्या रंगाने रंगवा आणि शेवटी किती रंगवले ते मोजून टिपून ठेवा.

४. मेंबर आणि अनुयायी यांतला फरक समजून घ्या

पूर्ण लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका.

मेंबर म्हणजे त्या पंथाच्या नियमाप्रमाणे पूर्ण सभासद. पण प्रत्येक पंथाचा नियम वेगळा. कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, ते बाळ लगेच मोजलं जातं. बाप्टिस्टांकडे स्वतः समजून-उमजून श्रद्धा जाहीर केल्यावरच बाप्तिस्मा, त्यामुळे आई-बापांसोबत दर रविवारी येणारी पाच वर्षांची मुलगी मेंबर नाही. म्हणजे हजार कॅथलिक आणि हजार बाप्टिस्ट मेंबर शेजारी ठेवले तर एका बाजूला पोरंबाळं धरून हजार आणि दुसऱ्या बाजूला पोरं सोडून हजार. ही तुलना चुकीची.

म्हणून रिलिजन सेन्सस 'अनुयायी' हा आकडा वापरतो, त्यात पूर्ण मेंबर, त्यांची मुलं आणि मेंबर नसून नियमित येणारे असे सगळे धरतात. ज्या पंथाकडे फक्त मेंबरांचा आकडा असतो त्याचे अनुयायी अंदाजाने काढतात. २००० च्या मोजणीतली रीत अशी होती: काउंटीची एकूण लोकसंख्या भागिले १३ वर्षांपर्यंतची मुलं वगळून उरलेली लोकसंख्या, आणि येणाऱ्या आकड्याने मेंबरांना गुणायचं.

स्वतः एकदा करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. समजा काउंटीत ४०,००० लोक, त्यातली ८,००० मुलं १३ किंवा त्याखालची. मुलं वगळून राहिले ३२,०००. ४०,००० भागिले ३२,००० म्हणजे १.२५. एका पंथाचे मेंबर २,४०० असतील तर अनुयायी झाले ३,०००. हे वरचे ६०० कोणी दारात उभं राहून मोजलेले नाहीत, काउंटीतल्या सगळ्या घरांत जेवढी मुलं तेवढीच या पंथाच्या घरांत असं धरून आलेत. जिथे चर्चला येणारे बहुतेक म्हातारे आणि मुलांची घरं दुसरीकडे, अशा गावात हा अंदाज फुगतो.

आणखी एक, वहीतलं नाव सहज निघत नाही. माणूस दुसऱ्या राज्यात गेला, जाणं बंद केलं, तरी अनेक चर्चच्या यादीत नाव वर्षानुवर्षं राहतं. म्हणून या आकड्यावरून रविवारची हजेरी कधीच काढायची नाही.

तपासा: तुमच्या शीटमध्ये एका पंथाचे मेंबर आणि दुसऱ्याचे अनुयायी असं मिसळलंय का? जुन्या वर्षांच्या फाइलमध्ये दोन्ही कॉलम शेजारी शेजारी असतात, हात सहज चुकतो.

५. टक्केवारी काढा, आणि उरलेल्यांना नाव देऊ नका

अनुयायी भागिले लोकसंख्या. लोकसंख्या त्याच वर्षाची घ्या, २०२० च्या अनुयायांखाली आजचा लोकसंख्येचा अंदाज लावू नका, टेक्ससमधल्या झपाट्याने वाढणाऱ्या काउंट्यांत तर टक्केवारी पार खाली येते.

आता त्या 'नन' तुकड्याचं. तो निव्वळ वजाबाकी आहे. लोकसंख्येतून अनुयायी वजा केले, उरले त्यांना मोजणी करणारे 'अनक्लेम्ड' म्हणतात, म्हणजे ज्यांच्यावर कुठल्याच संस्थेने आपला म्हणून हक्क सांगितला नाही असे. चार्ट बनवणाऱ्यांनी त्याचं 'नन' करून टाकलं. या उरलेल्यांत नास्तिक आहेतच, पण घरात देवघर असलेला आणि कुठल्याही मंदिराच्या यादीत नसलेला माणूसही आहे, नुकतीच बदली होऊन आलेलं कॅथलिक कुटुंब आहे, आणि ज्यांच्या चर्चने आकडाच पाठवला नाही असे भरपूर लोक आहेत.

फरक किती मोठा पडतो बघा. २०२० मध्ये सगळ्या देशात ३७२ धार्मिक संस्थांचे मिळून सुमारे १६ कोटी १२ लाख अनुयायी, लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख. म्हणजे ५१.४ टक्के अनक्लेम्ड. आणि प्यूने २०२३-२४ मध्ये प्रौढांना थेट विचारलं तेव्हा 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे साधारण २९ टक्के निघाले. मधले वीसेक टक्के लोक स्वतःला कोणीतरी म्हणवतात पण कुणाच्या वहीत नाहीत. तुमच्या काउंटीत हीच दरी किती आहे ते चार्ट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

थांबा: उलटंही होतं, टक्केवारी १०० च्या वर जाते. छोट्या ग्रामीण काउंट्यांत हे दिसलं की लोक फाइल चुकली असं समजून आकडा फेकून देतात. फाइल चुकलेली नसते. शेजारच्या काउंटीतले लोक या काउंटीतल्या चर्चमध्ये येतात आणि इथेच मोजले जातात, वर वह्यांमध्ये गेलेल्यांची नावं. आकडा ठेवा, सोबत कारण लिहा.

६. गटवारी नावावरून करू नका

पंथांची लांबलचक यादी बघितली की एकत्र करायचा मोह होतो. इथे नाव फसवतं. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, नावातच इव्हँजेलिकल, पण संशोधक ते मेनलाइनमध्ये धरतात. मिसूरी सिनड लुथरन मात्र इव्हँजेलिकल गटात. प्रेस्बिटेरियन चर्च यूएसए मेनलाइन, प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका इव्हँजेलिकल. अमेरिकन बाप्टिस्ट मेनलाइन, सदर्न बाप्टिस्ट इव्हँजेलिकल. मिडवेस्टमधल्या एखाद्या काउंटीत लुथरन हाच सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट गट असू शकतो, तिथे ही एक चूक केली की अख्ख्या काउंटीचा रंग बदलतो आणि मग त्यावर निवडणुकीचं विश्लेषण उभं राहतं. निवडणुकीवर मराठीत लिहिणाऱ्यांनी निदान ही पायरी तरी सोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

'ऑर्थोडॉक्स' हा शब्द ख्रिश्चनांतही आहे आणि ज्यूंमध्येही, दोन्ही पूर्ण वेगळे. केरळच्या सीरो-मलबार लोकांची शिकागोला स्वतःची डायोसिस म्हणजे धर्मप्रांत आहे, पण ते कॅथलिकच, त्यामुळे कॅथलिकांच्या बेरजेत. मलंकारा ऑर्थोडॉक्स तसे नाहीत.

आणि चार्टवरचा 'इतर' म्हणजे ख्रिश्चन नसलेले असं धरू नका. त्या खणात मॉर्मन चर्चसुद्धा टाकलेलं असतं, सोबत ज्यू, मुस्लिम, हिंदू, बौद्ध. आमच्या त्या पत्रातला 'हिंदूंचा' आकडा प्रत्यक्षात हा अख्खा 'इतर' खण होता.

७. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर

नुसते दोन टक्के शेजारी ठेवून 'धर्म कमी झाला' लिहू नका. प्रत्येक मोजणीत भाग घेणाऱ्या संस्था वेगळ्या: १९९० मध्ये १३३, २००० मध्ये १४९, २०१० मध्ये २३६, २०२० मध्ये ३७२. जास्त जणांनी वह्या उघडल्या की अनुयायी आपोआप वाढतात.

१९९० मध्ये अनुयायी ५५.१ टक्के, २००० मध्ये ५०.२. बघणाऱ्याला वाटतं दहा वर्षांत पाच टक्के लोक चर्च सोडून गेले. पण १९९० मध्ये कृष्णवर्णीय बाप्टिस्टांचा एक मोठा अंदाज आकड्यांत धरला होता, २००० मध्ये तो नव्हता आणि मोठ्या आफ्रिकन-अमेरिकन चर्च संघटनांनी त्या वेळी आकडे दिलेच नाहीत. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीचा विचार करा, जिथे दहापैकी आठाहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. २००० चा चार्ट घेतला तर अशा काउंटीतल्या रविवारी भरून वाहणाऱ्या चर्चेस 'नन' मध्ये जाऊन बसतात. हे मला खरंच टोचतं, कारण ज्या समाजाचं सगळं जगणं चर्चभोवती आहे त्यालाच कागदावर धर्म नसलेला करून टाकलं जातं. एआरडीएवर २००० चे दुरुस्त केलेले दर आहेत, दक्षिणेतल्या काउंटीसाठी तेच घ्या.

ज्यूंचा आकडा २००० मध्ये सुमारे ६१ लाख, २०१० मध्ये साधारण साडेबावीस लाख. कोणी कुठे गेलं नाही. आधी ज्यू लोकसंख्येचा अंदाज घेतला होता, नंतर फक्त सिनेगॉगशी जोडलेले मोजले. मोजायची रीत बदलली.

पंथांचं जुळणं-तुटणंही बघावं लागतं. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका १९८८ मध्ये तीन संस्था एकत्र होऊन सुरू झालं, म्हणून १९९० ची तुलना १९८० शी करायची तर १९८० च्या त्या तिघांची बेरीज घ्यायची. युनायटेड मेथडिस्ट हा पंथही १९६८ मध्ये दोन संस्था एकत्र होऊन झाला, १९५२ च्या फाइलमध्ये त्या दोन वेगळ्या नावांनी आहेत. आणि उलट, २०१९ ते २०२३ या काळात साडेसात हजारांच्या आसपास मेथडिस्ट चर्चेस संघटनेतून बाहेर पडली, त्यातली बहुतेक २०२० नंतर, त्यामुळे २०२० चा मेथडिस्ट आकडा आज तुमच्या काउंटीत लागू आहे का ते चर्चच्या पाट्या बघूनच कळेल.

नॉन-डिनॉमिनेशनल म्हणजे कुठल्याच पंथाला न जोडलेली चर्चेस, त्यांचे अनुयायी २०१० मध्ये १ कोटी २२ लाख, २०२० मध्ये २ कोटी ११ लाख. यांना एक मुख्य ऑफिस नाही जे एका फोनवर सगळे आकडे देईल, एकेक चर्च शोधून मोजावं लागतं. ही वाढ खरी आहेच, पण त्यात जास्त कसून शोधल्याचाही भाग असू शकतो.

८. आपल्या लोकांचे आकडे

मंडळवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या.

२००० च्या फाइलमध्ये हिंदूंची फक्त मंदिरं मोजली आहेत, माणसं नाहीत. २०१० पासून माणसं आली. म्हणजे २००० ते २०१० मध्ये हिंदू 'शून्यापासून वाढले' असं वाक्य कोणी लिहिलं असेल तर ते खोडा.

इमारतीच्या पत्त्याचा नियम आपल्याला सगळ्यात जास्त लागतो. घर एडिसनला, म्हणजे मिडलसेक्स काउंटी. बालाजीचं मंदिर ब्रिजवॉटरला, ते सॉमरसेट काउंटीत. बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेचं मोठं मंदिर रॉबिन्सव्हिलला, ते मर्सर काउंटीत. आपण शनिवारी गाडी काढून चाळीस मिनिटं जातो आणि त्या मंदिराने आपल्याला धरलं तर त्या काउंटीत धरलं जातो. म्हणून मंदिर असलेल्या काउंटीत हिंदू जास्त दिसतात आणि जिथे घरं आहेत तिथे कमी. असं असेल तर एका काउंटीऐवजी आजूबाजूच्या तीन-चार काउंट्यांची बेरीज करा, उत्तर बरंच शहाणं येतं.

महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या हॉलमध्ये भरतो, आरतीला पाचशे माणसं असतात, पण मंडळ ही धार्मिक संस्था नाही त्यामुळे ती माणसं या मोजणीत कुठेच नाहीत. घरोघरी फिरणारा सत्संग, गजानन महाराजांच्या पारायणाचा ग्रुप, तेही नाहीत.

मग लोक दुसरी वाट धरतात, सेन्ससमधले 'एशियन इंडियन' घेतात आणि सगळ्यांना हिंदू म्हणतात. प्यूच्या २०२२-२३ च्या सर्व्हेत भारतीय अमेरिकनांपैकी ४८ टक्के हिंदू निघाले. बाकीच्यांत ख्रिश्चन, मुस्लिम, शीख, जैन, आणि कुठलाच नाही म्हणणारे. वसईची, अहिल्यानगरची मराठी ख्रिश्चन कुटुंबंही त्यातच आहेत आणि ती तुमच्या मंडळातही असतील.

भाषेवरून मराठी माणसं मोजायला गेलात तर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या सविस्तर भाषा-तक्त्यात २०१६ पासून एकच खण आहे, 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा'. तो आकडा नुसता 'मराठी' म्हणून छापू नका, त्यात अख्खा नेपाळी समाज आहे.

९. एकदा पायी पडताळा

काउंटी छोटी असेल तर फाइलमधल्या चर्चची संख्या नकाशावर मोजून बघा. दहा चर्चेस लिहिलीत आणि नकाशावर पंचवीस दिसली तर उरलेली पंधरा कुठली ते बघा, बहुतेक वेळा ती नॉन-डिनॉमिनेशनल किंवा आफ्रिकन-अमेरिकन निघतात. एखाद-दोन ठिकाणी फोन करून विचारा की तुमच्याकडे मेंबर कोणाला म्हणता. नम्रपणे विचारलं की ऑफिसमधल्या बाई सहसा सगळं नीट सांगतात, यादीतली जुनी नावं शेवटची कधी काढली तेही सांगतात.

१०. मगच वाक्य लिहा

चुकीचं: "या काउंटीतले ५२ टक्के लोक कुठलाच धर्म मानत नाहीत."

बरोबर: "२०२० च्या रिलिजन सेन्ससनुसार या काउंटीतल्या धार्मिक संस्थांनी मिळून लोकसंख्येच्या ४८ टक्के इतके अनुयायी नोंदवले, उरलेल्यांच्या श्रद्धेबद्दल ही मोजणी काही सांगत नाही."

चुकीचं: "इथे ३,००० लोक दर रविवारी मेथडिस्ट चर्चला जातात."

बरोबर: "इथल्या मेथडिस्ट चर्चनी मुलं धरून ३,००० अनुयायी नोंदवले."

वाक्यात वर्ष, कोणी मोजलं, आणि मेंबर की अनुयायी, या तीन गोष्टी आल्या पाहिजेत. वाक्य लांब झालं तर होऊ द्या.

आमच्या त्या मंडळाने नंतर पत्र परत लिहिलं. पहिल्या पायरीवर बसून प्रश्न नीट विचारला तेव्हा लक्षात आलं की बोर्डाला काउंटीत हिंदू किती हे नकोच होतं, त्या दिवशी वर्ग किती रिकामे राहतात हे हवं होतं. मग शाळांकडून मागच्या काही वर्षांची दिवाळीच्या दिवसाची गैरहजेरी मागवली, तो तक्ता पहिल्या पानावर लावला, आणि धर्माचा आकडा दुसऱ्या पानावर एकाच वाक्यात ठेवला, शेजारच्या दोन काउंट्या धरून, वर्षासकट.